मूळ धातूंतून भाषाघडण : जर्मानिक प्रयोग आणि बीड जिल्ह्यातील राज्यव्यवहाराची भाषा

प्रस्तावना :

भाषा ही समाजाच्या दैनंदिन व्यवहारातून आपोआप घडत जाते, असे सामान्यतः मानले जाते व ते बहुतांशी खरेही आहे. तथापि एखादी भाषा, किंवा भाषेचा एखादा मोठा शब्दविभाग, ठरवून घडविण्याचे प्रयत्न इतिहासात वारंवार झालेले दिसतात. परकीय राजवटीबरोबर आलेले शब्द काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी आपल्या मूळ भाषेतील धातूंपासून नवे शब्द बनवावेत, ही अशा प्रयत्नांमागील प्रमुख प्रेरणा होय. युरोपात इंग्रजी, जर्मन व नॉर्वेजियन या जर्मानिक कुळातील भाषांबाबत हे प्रयोग झाले. भारतात संस्कृत आणि अरबी या दोन अभिजात भाषांच्या आधारे त्याच स्वरूपाचे प्रयोग झाले.

या दृष्टीने बीड जिल्ह्याचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. मराठी भाषकांची बहुसंख्या असलेला हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे अवघ्या शंभर वर्षांच्या आत येथील राज्यव्यवहाराची भाषा फारसीवरून उर्दूवर आणि उर्दूवरून मराठीवर आली. या दोन्ही स्थित्यंतरांच्या वेळी नवी परिभाषा जाणीवपूर्वक घडविण्यात आली. जिल्ह्यातील एखाद्या शेतजमिनीचे निजामकाळापासूनचे कागद एकत्र मांडले, तर उर्दूतील नोंदी, मोडी लिपीतील मराठी आणि देवनागरीतील आजची शासकीय मराठी अशा तीन व्यवस्था समोर येतात. जमीन कसणारे कुटुंब मात्र तेच असते आणि त्याची घरातील बोलीही फारशी बदललेली नसते.

अशा घडविलेल्या भाषेपैकी काय टिकले, काय टिकले नाही आणि या घडणीची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

जर्मानिक भाषांतील प्रयोग :

इ.स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राजदरबार, न्यायालय व धर्मकारण यांच्या भाषेत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा मोठा भरणा झाला. सोळाव्या शतकात सर जॉन चीक यांनी या उसनवारीला विरोध केला. एकोणिसाव्या शतकात डॉर्सेट परगण्यातील धर्मोपदेशक व बोलीभाषेतील कवी विल्यम बार्न्स (१८०१–१८८६) यांनी हा विचार पूर्णत्वास नेण्याचा प्रयत्न केला. इंग्रजीच्या मूळ जर्मानिक धातूंपासून कोणतीही शास्त्रीय संज्ञा तयार करता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याकरणग्रंथाच्या नावातच त्यांनी ‘ग्रामर’ या शब्दाऐवजी ‘स्पीचक्राफ्ट’, म्हणजे बोलण्याची कला, असा शब्द योजला. बार्न्स यांचे शब्द बहुतांशी पुस्तकातच राहिले. १९६६ मध्ये नॉर्मन विजयाला नऊशे वर्षे झाली, तेव्हा पॉल जेनिंग्ज यांनी अशा शुद्ध इंग्रजीला विनोदाने ‘अँग्लिश’ असे नाव दिले. १९८९ मध्ये पोल अँडरसन या विज्ञानकथालेखकाने केवळ जर्मानिक मुळांचे शब्द वापरून अणुसिद्धांतावर एक लेख लिहिला. त्यात हायड्रोजनसाठी ‘वॉटरस्टफ’ असा शब्द आहे. हा लेख वाचकाला कळतो, परंतु त्या भाषेत कोणी बोलत नाही. बार्न्स यांच्या पाठीशी राजसत्ता नव्हती आणि ज्या समाजासाठी ते शब्द घडवीत होते, त्या समाजाला त्या शब्दांची निकडही नव्हती.

जर्मनीत परिस्थिती निराळी होती. १८७१ च्या एकीकरणानंतर टपाल खात्याचे प्रमुख हाइन्रिश फॉन श्टेफान यांनी खात्यातील शेकडो फ्रेंच संज्ञांच्या जागी जर्मन संज्ञा रूढ केल्या. टेलिफोनसाठी त्यांनी ‘दूर’ व ‘बोलणारा’ या अर्थांचे दोन जर्मन शब्द जोडून नवे नाव बनविले. पत्र पाठविणाऱ्या प्रत्येक नागरिकाचा या खात्याशी संबंध येत असल्याने यांपैकी अनेक संज्ञा स्थिरावल्या. टेलिफोनचे जर्मन नाव मात्र सरकारी कागदापुरतेच उरले. लोकांनी ‘टेलिफोन’ हाच शब्द पत्करला.

नॉर्वेचे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे. चार शतकांहून अधिक काळ डेन्मार्कशी जोडला गेल्याने नॉर्वेची लेखनभाषा डॅनिश झाली होती. १८१४ मध्ये हा संबंध तुटल्यावर आपली भाषा कोणती, असा प्रश्न उभा राहिला. शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या इव्हार ओसेन (१८१३–१८९६) यांनी १८४२ पासून काही वर्षे ग्रामीण नॉर्वेत भ्रमंती करून बोलींचे नमुने गोळा केले आणि त्यांच्या आधारे १८४८ साली व्याकरण व १८५० साली शब्दकोश प्रसिद्ध केला. या बोलींतील समान घटकांतून त्यांनी एक नवी लेखनभाषा सिद्ध केली. १८८५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने तिला प्रचलित लेखनभाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. आज ती ‘नीनोर्स्क’ या नावाने ओळखली जाते. तिचा वापर करणारे अल्पसंख्य असले, तरी ती शाळेत शिकविली जाते आणि तिच्यात साहित्यनिर्मिती होते.

बार्न्स यांनी धातू घेतले ते प्रामुख्याने जुन्या भाषेतून, ओसेन यांनी घेतले ते हयात माणसांच्या तोंडून. श्टेफान यांच्याकडे अंमलबजावणीची यंत्रणा होती. भाषाघडणीचे हे तीन मार्ग लक्षात घेतले म्हणजे मराठवाड्यातील प्रयोगांचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

राज्यव्यवहारकोशाची परंपरा :

मराठी प्रदेशात या प्रकारचा पहिला मोठा प्रयत्न शिवकालात झाला. १६७४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने रघुनाथपंत हणमंते यांच्या नेतृत्वाखाली ‘राज्यव्यवहारकोश’ रचण्यात आला. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग इत्यादी दहा वर्गांत फारसी व दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती झाला.

या कोशाचे यश संमिश्र आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सतराव्या व अठराव्या शतकांतील निवडक कागदांतील शब्दांची मोजणी करून फारसी शब्दांचे प्रमाण उत्तरोत्तर घटत गेल्याचे दाखविले आहे. १६२८ च्या कागदात चार-पंचमांशाहून अधिक असलेले फारसी शब्द पुढील शंभर वर्षांत अल्पसंख्य झाले, असे त्यांच्या मांडणीवरून दिसते. मात्र कोशाने ज्या ‘पेशवा’ शब्दाला ‘प्रधान’ हा पर्याय दिला, तोच ‘पेशवा’ पुढील शतकात मराठी सत्तेची ओळख बनला.

या कोशाचा आणखी एक विशेष सहसा दुर्लक्षित राहतो. त्याने जुना शब्द पुसला नाही. फारसी शब्द व संस्कृत प्रतिशब्द तेथे शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे शब्दबदलासाठी रचलेला हा कोश आज शिवकालीन कागद वाचण्याची किल्ली म्हणून उपयोगी पडतो.

निजाम राजवट : फारसीकडून घडविलेल्या उर्दूकडे :

बीड परिसराला मराठी ग्रंथपरंपरेचा प्राचीन वारसा आहे. परंपरेनुसार शके १११० (इ.स. ११८८) मधील ‘विवेकसिंधु’ या ग्रंथाचे कर्ते मुकुंदराज यांचा अंबाजोगाईशी संबंध सांगितला जातो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथेच दासोपंतांनी विपुल मराठी रचना केली. परंतु ग्रंथाची भाषा आणि राज्याची भाषा एक नव्हती. १७२४ पासून आकाराला आलेल्या आसफजाही सत्तेचा व्यवहार फारसीत चाले. १७६३ मध्ये याच जिल्ह्यातील राक्षसभुवन येथे पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, तरी या भागातील प्रशासनाचा साचा कायमस्वरूपी बदलला नाही.

१८६५ मध्ये पहिल्या सालारजंगाने जिल्हाबंदी केली. जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’, त्याचे दुय्यम ‘दोयम’ व ‘सोयम’ तालुकदार आणि त्यांच्या खाली तहसीलदार अशी उतरंड निर्माण झाली. गावपातळीवर पाटील व पटवारी होते. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. फारसी ही विद्वानांची भाषा होती, तर उर्दू संस्थानातील नगरांत बोलली जात होती. त्या अर्थाने हा बदल लोकाभिमुख होता. तथापि बीड जिल्ह्यातील मराठी शेतकऱ्याच्या दृष्टीने एका न कळणाऱ्या लिपीतील भाषेच्या जागी त्याच लिपीतील दुसरी भाषा आली.

उर्दूच्या जाणीवपूर्वक घडणीचे खरे पर्व १९१७ पासून सुरू झाले. उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचा फर्मान त्या वर्षी निघाला आणि आधुनिक उच्चशिक्षण उर्दू माध्यमातून देण्यासाठी हैदराबादेत भाषांतर विभाग स्थापन झाला. त्याच्या उभारणीत मौलवी अब्दुल हक यांचा पुढाकार होता. त्यांचे दीर्घकालीन कार्यक्षेत्र बीडला लागून असलेल्या तत्कालीन औरंगाबाद शहरात होते. ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचा कारभार ते तेथूनच पाहत. म्हणजे आधुनिक उर्दू परिभाषेच्या जडणघडणीचे एक महत्त्वाचे केंद्र मराठवाड्यातच होते.

या परिभाषेसाठी धातू कोठून घ्यावेत, यावर तज्ज्ञांत मोठा वाद झाला. एका पक्षाच्या मते संज्ञा अरबीपासून बनवाव्यात, कारण अरबी धातूपासून नियमबद्ध रूपे साधता येतात. वहीदुद्दीन सलीम यांनी ‘वज़-ए-इस्तिलाहात’ (१९२१) या ग्रंथात निराळी भूमिका मांडली. उर्दू ही मुळात आर्य कुळातील भाषा आहे, म्हणून तिच्या स्वतःच्या घडणीला मानवेल अशा रीतीने हिंदी, फारसी व अरबी घटकांचा मेळ घालून शब्द बनवावेत, असे त्यांचे मत होते. प्रत्यक्षात शास्त्रांच्या नावांत अरबी वळण प्रभावी ठरले. अर्थशास्त्र ‘माशियात’ झाले, समाजशास्त्र ‘इमरानियात’, वनस्पतिशास्त्र ‘नबातियात’ आणि प्राणिशास्त्र ‘हैवानियात’.

मराठीतील ‘-शास्त्र’ आणि उर्दूतील ‘-इयात’ यांची तुलना केली असता दोन्ही प्रयोगांचा साचा एकच असल्याचे दिसून येते. दोन्हीकडे अभिजात भाषेतील धातू घ्यावयाचा, त्याला ठरावीक प्रत्यय जोडावयाचा आणि संज्ञांची पूर्ण मालिका उभी करावयाची, अशी पद्धत आहे. भारतीय भाषेतून संपूर्ण विद्यापीठीय शिक्षण देता येते, हे उस्मानियाने सिद्ध केले. हे यश नाकारता येणार नाही. मात्र १९४१ च्या सुमारास संस्थानच्या लोकसंख्येत मराठी भाषक सुमारे एक-चतुर्थांश होते, तेलुगू भाषक जवळजवळ निम्मे होते आणि कन्नड भाषकांची संख्याही मोठी होती. या सर्वांच्या मुलांना उच्चशिक्षणासाठी आधी उर्दू आणि नंतर त्या उर्दूतील अरबी संज्ञा आत्मसात कराव्या लागत. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. १९३५ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांनी अंबाजोगाई येथे शिक्षणकार्य केले. या घडामोडींची पार्श्वभूमी समजून घेताना भाषेची ही कोंडी विसरता येत नाही.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि तीन दशके घडविलेली उच्चशिक्षणाची ही परिभाषा मराठवाड्यातून अल्पावधीत नाहीशी झाली. राजाश्रय हा तिचा प्रमुख आधार होता. तो जाताच येथे ती टिकू शकली नाही.

भाषाशुद्धी आणि पदनाम कोश :

याच काळात ब्रिटिश हद्दीतील महाराष्ट्रात भाषाशुद्धीची चळवळ उभी राहिली. रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात (१९२४–१९३७) वि. दा. सावरकर यांनी अरबी, फारसी व इंग्रजी शब्दांऐवजी स्वकीय शब्द वापरावेत, असा आग्रह धरला. दिनांक, क्रमांक, महापौर, बोलपट, हुतात्मा इत्यादी अनेक शब्दांचे श्रेय त्यांना दिले जाते. फारसीचे व्यासंगी अभ्यासक आणि ‘फारशी-मराठी कोशा’चे (१९२५) कर्ते माधवराव पटवर्धन, अर्थात माधव जूलियन, हेही पुढे या चळवळीचे पुरस्कर्ते झाले. त्यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. बडोदे संस्थानात १९३१ साली सिद्ध झालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा बहुभाषिक कोश राज्यकारभाराच्या परिभाषेचा आणखी एक उल्लेखनीय प्रयत्न होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना झाली व १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कायद्याचे अधिष्ठान दिले. पदनाम कोशातील संस्कृतप्रचुर संज्ञांवर तीव्र टीका झाली. आचार्य अत्रे यांनी त्याची ‘बदनाम कोश’ अशी संभावना केली. ही टीका सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु जिल्हाधिकारी, अधीक्षक, संचालक, अभियंता, लिपिक हे शब्द आज कोणालाही अपरिचित वाटत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

बीड जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर ‘अव्वल तालुकदार’ ते ‘कलेक्टर’ व ‘जिल्हाधिकारी’ असा एकाच पदाचा नामप्रवास एका माणसाच्या आयुष्यात घडून गेला. १९४० मध्ये शाळकरी असलेल्या व्यक्तीने चाळिशी गाठेपर्यंत तीन नावे ऐकली. याउलट ‘तहसीलदार’ हे पद नावासकट टिकले. एवढेच नव्हे, तर मुंबई राज्याच्या जुन्या जिल्ह्यांत रूढ असलेला ‘मामलेदार’ हा शब्द मागे पडून १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात संपूर्ण राज्यासाठी ‘तहसीलदार’ हीच संज्ञा स्वीकारली गेली. या अधिनियमाच्या नावातील ‘जमीन’ हा शब्द फारसी, ‘महसूल’ अरबी आणि ‘अधिनियम’ संस्कृत आहे. घडविलेली भाषा व्यवहारात उतरताना कसे रूप घेते, याचा हा बोलका नमुना आहे.

कोणते शब्द टिकले :

शब्दाचे मूळ कोणते, यावर त्याचे आयुष्य ठरते, असे शुद्धतेचे पुरस्कर्ते व विरोधक दोघेही गृहीत धरतात. बीड जिल्ह्यातील शब्दव्यवहार मात्र या गृहीतकाला दुजोरा देत नाही.

१९७२ च्या दुष्काळात ज्या योजनेने या जिल्ह्यातील हजारो हातांना काम दिले, त्या ‘रोजगार हमी’चे दोन्ही शब्द फारसी-अरबी परंपरेतून आले आहेत. परंतु त्या योजनेला कोणी परकीय नावाची म्हणत नाही. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या जगात टोळी ठरविणारा तो ‘मुकादम’. हा शब्द अरबी आहे. त्याच्याकडून आगाऊ घेतलेली रक्कम ती ‘उचल’, आणि पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. ‘ऊसतोड’ हा समासही शुद्ध देशी घटकांचा आहे. हे शब्द कोणत्याही कोशसमितीने दिलेले नाहीत. श्रमाच्या बाजारात गरज निर्माण झाली आणि श्रमिकांनी व मुकादमांनी ते घडविले अथवा जुन्या शब्दांना नवा अर्थ दिला. गाव नमुना सात व बारा यांच्या आकड्यांवरून लोकांनी बनविलेला ‘सातबारा’ हा शब्दही याच जातीचा. निजामी अमलातील ‘पहाणीपत्रका’ची जागा त्याने मराठवाड्यात घेतली.

दुसरीकडे, प्रयोगशाळेतच राहावी अशी वाटणारी संस्कृतोद्भव परिभाषा शेतकऱ्याच्या तोंडी बसल्याचेही उदाहरण आहे. नायट्रोजन, फॉस्फरस व पोटॅश यांसाठी योजलेले ‘नत्र, स्फुरद, पालाश’ हे शब्द खतांच्या शिफारशींतून गावोगाव पोहोचले. १९७२ मध्ये परभणी येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या विस्तारकार्यातून आणि कृषी खात्याच्या प्रचारातून ते सतत कानांवर पडत राहिले. कापसाला किती नत्र द्यावयाचे, हा पिकाचा व पैशाचा प्रश्न असल्याने ते शब्द शिकणे शेतकऱ्याच्या हिताचे होते. अँडरसन यांच्या ‘वॉटरस्टफ’ला जे भाग्य लाभले नाही, ते ‘नत्रा’ला लाभले. याचे कारण धातूच्या शुद्धतेत सापडत नाही. त्या शब्दाशी वापरणाऱ्याची उपजीविका जोडली गेली, हे ते कारण होय.

यावरून शब्द टिकण्याच्या दोन अटी स्पष्ट होतात. तो वापरणाऱ्याच्या गरजेशी जोडलेला असला पाहिजे आणि तो त्याला वारंवार वापरावा लागला पाहिजे. राजसत्ता दुसरी अट काही काळ पूर्ण करू शकते. पहिली अट मात्र केवळ आदेशाने पूर्ण होत नाही. २०२४ साली ‘तलाठी’ या पदनामाऐवजी ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे पदनाम निश्चित करण्यात आले. निजामी अमलातील ‘पटवारी’ धरला, तर हे तिसरे नाव होय. ते लोकव्यवहारात रुजते की केवळ फलकावर राहते, याचा निकालही याच दोन अटींवर अवलंबून राहील.

घडणीची किंमत : न वाचता येणारे दप्तर :

भाषाघडणीच्या इतिहासात नव्या शब्दांची चर्चा पुष्कळ होते. जुन्या शब्दांबरोबर कागदांचे काय होते, याचा विचार क्वचितच केला जातो. बीड जिल्ह्यात प्रत्येक स्थित्यंतराबरोबर मागील पिढीचे दप्तर पुढील पिढीला अपरिचित होत गेले. उर्दू कार्यालयांतून गेली, शाळेतील मोडीचे शिक्षण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मागे पडले आणि फसली सन विस्मरणात गेला. फसली सनात सुमारे ५९० मिळविले असता इसवी सन मिळतो, ही साधी गोष्टही आज अनेक पदवीधरांना ठाऊक नसते. मग ‘बहमन’, ‘खुर्दाद’, ‘शहरेवर’ या फारसी महिन्यांची नावे कागदावर दिसली, तर ती उलगडणार कशी?

या विस्मरणाचे गांभीर्य २०२३ मध्ये सर्वांच्या लक्षात आले. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा प्रश्न ऐरणीवर आल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. निजामकालीन महसुली व शैक्षणिक कागद, खासरापत्रके, पाहणीपत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदी यांचा शोध सुरू झाला. तेव्हा तालुक्यातालुक्यांत उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची निकड भासली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याचे ठरल्यावर जुन्या नोंदींचे महत्त्व आणखी वाढले. आरक्षणाच्या प्रश्नाचा निर्णय न्यायसंस्था व विधिमंडळ यांच्या कक्षेतील आहे. परंतु मराठा, इतर मागासवर्गीय वा अन्य कोणत्याही समाजातील नागरिकाचा दावा असो, आपल्याच आजोबांविषयीचा कागद त्याला स्वतः वाचता येत नाही, ही स्थिती सर्वांना सारखीच लागू आहे. जो कागद थोड्याच जणांना वाचता येतो, त्याच्या अर्थाची खातरजमाही थोड्याच जणांना करता येते आणि तेथे संशयाला वाव राहतो.

येथे नॉर्वेचा अनुभव पुन्हा आठवतो. नवी लेखनभाषा घडविल्यानंतरही तेथे डॅनिश परंपरेतील लेखनाशी वाचकांचे नाते तुटले नाही, कारण दोन्ही भाषा परस्परांना जवळच्या होत्या व लिपी एकच होती. बीड जिल्ह्यात भाषा, लिपी आणि कालगणना ही तिन्ही बदलली. येथे परिभाषा घडविताना जुन्या परिभाषेची किल्ली जपणे अधिक आवश्यक होते आणि नेमके तेच राहून गेले.

निष्कर्ष :

१. मूळ धातूंपासून शब्द घडविणे ही बौद्धिकदृष्ट्या साध्य गोष्ट आहे. बार्न्स यांनी जर्मानिक, उस्मानियाच्या तज्ज्ञांनी अरबी आणि महाराष्ट्रातील कोशकारांनी संस्कृत धातूंपासून ते करून दाखविले. तिन्ही प्रयोगांची पद्धत मूलतः समान आहे.

२. शब्दाचे आयुष्य त्याच्या कुळावरून ठरत नाही. ‘मुकादम’ व ‘नत्र’, ‘हमी’ व ‘सातबारा’ हे भिन्न कुळांतील शब्द बीड जिल्ह्याच्या व्यवहारात सारख्याच सहजतेने नांदतात. वापरणाऱ्याच्या उपजीविकेशी जडलेले नाते हे त्यांतील समान सूत्र होय.

३. केवळ राजाश्रयावर उभी असलेली परिभाषा राजाश्रयाबरोबर लोपते. उर्दूतील उच्चशिक्षणाच्या परिभाषेची मराठवाड्यातील गत हे त्याचे उदाहरण आहे. मराठीतील परिभाषाकारांनीही ते दृष्टीआड करू नये.

४. भाषाबदलाची किंमत प्रामुख्याने त्या नागरिकाला मोजावी लागते, ज्याचा हक्क जुन्या कागदावर अवलंबून असतो आणि ज्याला ती भाषा घडविताना विचारलेले नसते.

या निष्कर्षांच्या प्रकाशात मराठवाड्यातील महाविद्यालयांपुढे एक निश्चित काम दिसते. निजामकालीन महसुली, न्यायालयीन व शैक्षणिक संज्ञांचा, मूळ उर्दू शब्द, त्याचे देवनागरी रूप, आजची शासकीय संज्ञा आणि गावातील प्रचलित शब्द असे चार स्तंभ असलेला कोश तयार होणे आवश्यक आहे. इतिहास, मराठी, उर्दू व विधी या विभागांनी एकत्र येऊन जिल्हानिहाय हे काम हाती घेतल्यास ते अशक्य नाही. त्याला मोडी व उर्दू दस्तऐवजवाचनाच्या अल्पकालीन अभ्यासक्रमांची जोड देता येईल. उर्दू लिपी जाणणारे नागरिक आज जिल्ह्यात आहेत. मोडी जाणणारे वृद्धही थोडेफार आहेत. त्यांचे साहाय्य घेण्याची वेळ हीच आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी राज्यव्यवहारकोशाच्या कर्त्यांनी जुना शब्द नव्या शब्दाच्या शेजारी बसविला. त्यांच्या या पद्धतीचे अनुकरण झाले, तर बीडच्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा आणि आपल्या घराण्याचा कागद दुसऱ्याच्या भरवशावर न राहता समजून घेता येईल.